डाव्या पंखातली दोन नावं

मी चोवीस वर्षं विमानांना कापड शिवलं. हे वाक्य इथे अमेरिकेत, नेपरव्हिलच्या कुठल्याही मराठी पार्टीत उच्चारलं की समोरचा माणूस हातातली प्लेट सावरत विचारतो, "म्हणजे सीट कव्हर्स का?" पूर्वी मी समजावून सांगायची. पुढे पुढे "हो, सीट कव्हर्स" म्हणून ढोकळा घ्यायला निघून जायची.

यंदा मंडळाच्या दिवाळी अंकाचं काम अनिकेतकडे आहे. त्याचा फोन आला. "काकू, सगळे आयटीवालेच लिहितायत यार... सॉरी, यार नाही. तुमचा जॉब एकदम हटके होता. काहीतरी लाइट लिहा ना. फनी इन्सिडेंट्स वगैरे." गमतीचे प्रसंग माझ्याकडे आहेत, त्यातला एक सांगतेही. पण माझ्या नोकरीतलं जे एक काम डोक्यातून जात नाही ते गमतीचं नाही, आणि ते बाजूला ठेवून बाकीचं लिहिणं मला जमणार नाही. अनिकेतने छापलं तर छापलं.

आधी काम काय ते सांगते. आज आपण ज्या विमानांतून भारतात जातो ती धातूची. त्यांच्या आधीची लाकडाची आणि कापडाची होती. पंख म्हणजे एक लाकडी सांगाडा. दोन लांब दांडे आणि त्यांच्यावर ओळीने बसवलेल्या फासळ्या. दोन फासळ्यांमधल्या जागेला आम्ही खण म्हणू, कपाटाचा असतो तसा. या सांगाड्यावर वरून आणि खालून लिननचं कापड ताणायचं आणि ते फासळ्यांना शिवून टाकायचं. गादीवाला लांब सुई गादीच्या आरपार घालून टाका घेतो ना, अगदी तसंच. मेण लावलेला दोरा, सुई वरून खाली, खालून वर, आणि दर चार बोटांवर एक गाठ. मग त्यावर डोप लावायचं. डोप हा शब्द ऐकून सुधीरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पहिली दोन वर्षं माझी भरपूर थट्टा केली. हे डोप म्हणजे नेलपॉलिशसारख्या वासाचं पातळ रोगण. ते सुकताना कापड आवळत जातं आणि चार-पाच हात झाले की पंखावर टिचकी मारली तर तापवलेल्या हलगीसारखा आवाज येतो. तो आवाज आला की मला घरी जावंसं वाटायचं नाही. हवेत ओल असली तर मात्र डोप पांढरं फटक पडतं, आणि सगळं खरवडून पुन्हा सुरुवात करावी लागते.

मी मूळची नागपूरची, टेक्स्टाइलचा डिप्लोमा केलेली. सुधीरच्या नोकरीमागे शॉमबर्गला आले. कामाची परवानगी मिळाल्यावर एका ड्राय क्लीनरकडे पँटी आखूड करत बसले होते, तिथे वॉल्ट आला. सहा फूट उंच, हातावर रंगाचे डाग, काखेत तपकिरी कापडाची गुंडाळी. कापड पसरून त्याने विचारलं, असा टाका घालता येईल का? मी टाका बघून म्हटलं, येईल, पण ज्याने हा घातलाय तो डावखुरा होता. वॉल्टने मला दुसऱ्या आठवड्यात कामावर घेतलं. नेपरव्हिलच्या पश्चिमेला मक्याच्या शेतांत एक छोटा विमानतळ आहे, त्याला लागून एक त्याहून छोटं म्युझियम. त्याच्या मागच्या शेडमध्ये आमचं वर्कशॉप. पुढे वॉल्टने मागे लागून मला परीक्षा द्यायला लावली आणि मेकॅनिकचं लायसन्स मिळवून दिलं. लायसन्स म्हणजे सहीचा अधिकार. प्रत्येक विमानाची एक वही असते, लॉगबुक. तिच्यात आपण काय पाहिलं आणि काय केलं ते लिहून सही करायची. वॉल्टचा नियम साधा होता. जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर सही नाही. आणि जे पाहिलं ते त्याच दिवशी लॉगमध्ये.

आता तो गमतीचा प्रसंग. शॉमबर्गचा एक डेंटिस्ट होता. त्याचं पिवळं दोन सीटचं विमान वार्षिक तपासणीला आलं. तो म्हणाला, पंखाचं कापड गेल्याच वर्षी नवीन बसवलंय, उघडायची गरज नाही, सही करून टाका. मी म्हटलं, कापड नवीन असेल, पण आतलं मी पाहिलेलं नाही. तो चिडला, वॉल्टकडे गेला, मला इंग्लिश नीट कळत नाही असंही म्हणाला. वॉल्टने शांतपणे माझ्या हातात ब्लेड दिलं. पंखात उंदरांचं घरटं निघालं. उंदरांच्या मुताने एक फासळी कुजून अर्धी झाली होती. आणि घरटं कशाचं? त्याच्याच क्लिनिकमधल्या, पेशंटच्या गळ्यात बांधतात त्या निळ्या कागदी रुमालांचं. तो त्या रुमालांनी इंजिनाचं तेल पुसायचा आणि रुमाल तिथेच टाकायचा. त्यानंतर दर ख्रिसमसला त्याच्याकडून आमच्या शेडवर टूथब्रशचा डबा येऊ लागला.

असा माझा तोरा होता. वॉल्टच्या नियमाचा पहिला भाग मी आयुष्यभर पाळला. दुसरा एकदाच मोडला.

म्युझियमकडे एक फ्रेंच विमान होतं. पहिल्या महायुद्धाच्या आधी इलिनॉयमधल्या एका हौशी माणसाने ते फ्रान्सहून मागवलं, जत्रांमधून उडवून दाखवलं, दोनदा आपटलं आणि मग धान्याच्या कोठारात टांगून ठेवलं. त्याच्या नातवंडांनी ते म्युझियमला दिलं. ते बनवणाऱ्याचं नाव तुर्नेल. उत्तर फ्रान्समधल्या एका छोट्या गावात त्याचा छत्र्यांचा कारखाना होता. त्या काळात फ्रान्सभर विमानांचं वेड साथीसारखं पसरलेलं. तुर्नेलने विचार केला, काड्यांवर कापड ताणून शिवणं हाच तर आपला धंदा आहे, मग विमान काय वेगळं? दोन सुतार आणि एक सायकलवाला मेकॅनिक आणला, आणि छत्र्या शिवणाऱ्या बायकांना पंख शिवायला बसवलं. हे ऐकून मी हसले नाही. त्याचं बरोबरच होतं.

काही वर्षं त्याची भरभराट झाली. शर्यती, बक्षिसं, टोप्या उडवणारे लोक. मग युद्ध आलं. लष्कराने त्याचं विमान नापसंत केलं आणि दुसऱ्यांच्या नकाशांवरून विमानं बांधायला लावली. युद्ध संपलं तशा ऑर्डरी थांबल्या. त्याने कपाटं करून पाहिली, पुन्हा छत्र्या करून पाहिल्या, आणि शेवटी कारखान्याला कुलूप लागलं. कारखान्याचे नकाशे आणि फोटो दुसऱ्या महायुद्धात जळाले. जगात तुर्नेलचं एकच विमान उरलं, ते आमच्या शेडमध्ये. एवढा सगळा इतिहास म्युझियमच्या चार पानी पुस्तिकेत मावला होता, आणि त्यात बायकांविषयी एक वाक्य होतं. "कुशल शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया."

म्युझियमच्या नव्या दालनाचं उद्‌घाटन ठरलं आणि ते विमान दुरुस्त करून मधोमध ठेवायचं असं कमिटीने ठरवलं. मूळ कापड तपकिरी पडलेलं, ठिकठिकाणी फाटलेलं. वॉल्टच्या मनात ते तसंच जपावं असं होतं. तो मला म्हणाला, "तू सांग." मी कापड दोन बोटांत धरून पाहिलं आणि म्हटलं, "हे धरणार नाही. काढू या." मी स्वतः म्हटलं. मला त्या सांगाड्यावर माझा टाका हवा होता, हे आज कबूल करते. असं काम आयुष्यात एकदा हाताला लागतं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. पंख कापडाने बंद करायच्या आधी शिवणाऱ्याने आत कुठेतरी पेन्सिलने आपलं नाव लिहायचं. ते कोणाला दिसत नाही. पुढे कधी पंख उघडला तर उघडणाऱ्यालाच दिसतं. मी प्रत्येक पंखात लिहिलंय, मराठीत. "रंजना." मैत्रेयी, माझी मुलगी, लहानपणी विचारायची, "बट आई, हू इज गोइंग टू रीड इट?" मी म्हणायची, कोणीतरी माझ्यासारखी.

डाव्या पंखाचं खालचं कापड उलटलं तेव्हा विमानाच्या धडाजवळच्या तिसऱ्या खणात, आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलेली दोन नावं दिसली. एकाखाली एक. अक्षर तिरकं, शाळेत गिरवून आलेलं. वरचं नाव मी वाचलं, मार्त. मला इतका आनंद झाला की मी शेडच्या या टोकाकडून ओरडले, "वॉल्ट, इथे बायकांनी नावं लिहिलीयत." तो तिकडून म्हणाला, "फोटो काढ. लॉगमध्ये लिही." मी म्हटलं, हातमोजे काढले की लिहिते. तेवढ्यात शेडचा हीटर बंद पडला. बाहेर बर्फ, आत ओल, आणि उजव्या पंखावर सकाळीच लावलेलं डोप बघता बघता पांढरं पडू लागलं. आम्ही सगळे तिकडे धावलो. दोन दिवस खरवडत होतो. डाव्या पंखाचं कापड कोणीतरी गुंडाळून बाकीच्या कापडाच्या ढिगावर ठेवलं. उद्‌घाटनाला नऊ दिवस उरले होते.

यापुढचं लिहायला मला फार जड जातंय. देणगीदारांना भेट म्हणून मूळ कापडाचा एकेक चौकोनी तुकडा, जाड कार्डावर चिकटवून, छोट्या फ्रेममध्ये द्यायचा, अशी कमिटीतल्या कोणाची तरी कल्पना निघाली. कापड कापायचं म्हणजे रंजना. मी तो ढीग घरी आणला. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर, झिगझॅग कात्रीने, धागे निघू नयेत म्हणून. रंगाची बाजू वर, आतली बाजू खाली. कापायचं, गोंद लावायचा, कार्डावर दाबायचं. मैत्रेयी फ्रेमा बसवत होती. सुधीर म्हणाला, "बाप्पा, काय पण फिनिशिंग आहे." मला त्या नावांची आठवण झाली नाही असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे एकदा झाली होती. एवढ्या ढिगात तो खण कुठे शोधत बसू, असं वाटलं आणि मी पुढचा तुकडा कापला.

उद्‌घाटन झकास झालं. विमान बघून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी साडी नेसून गेले होते. टाळ्या मिळाल्या.

मी रिटायर झाल्यावर दोन हिवाळे गेले आणि एके दिवशी वॉल्टचा फोन आला. फ्रान्सहून एक बाई आलीय, तुर्नेलचा डावा पंख बघायचा म्हणते, तू ये. तिचं नाव ओदिल. वय सत्तरीचं, गुडघे दुखत असावेत, पण गाडी स्वतः चालवत आली होती. विमानापुढे उभी राहून तिने पर्समधून एक फोटो काढला. दोन तरुण मुली, अंगात सारखे एप्रन, हातात हात.

"ही माझी आजी, मार्त," ती सावकाश इंग्लिशमध्ये म्हणाली. "आणि ही तिची धाकटी बहीण, ल्युसी. दोघी तुर्नेलकडे शिवायला होत्या. ल्युसी पंखांना रोगणही लावायची. ती पिवळी पडली आणि मेली. एकोणीस वर्षांची होती."

त्या काळच्या डोपमध्ये जे औषध घालत त्याने यकृत सडायचं. माणूस आधी पिवळा पडायचा, मग जायचा. हे मला लायसन्सच्या अभ्यासात कळलं होतं. मी मास्क लावून काम केलं, त्या पोरींनी उघड्या तोंडाने केलं.

"आता गावात एक फलक लावणार आहेत," ओदिल म्हणाली. "कारखान्यात काम करताना मेलेल्यांचा. पण नगरपालिकेकडे कामगारांचं जे रजिस्टर उरलंय त्यात मार्तचं नाव आहे, ल्युसीचं नाही. ती नोंद न करताच बहिणीच्या हाताखाली मदतीला यायची. तुर्नेलने तेव्हाही सांगितलं होतं की ही मुलगी आमच्याकडे कामाला नव्हतीच. माझ्या आजीने मरेपर्यंत तेच सांगितलं, अमेरिकेला गेलेल्या विमानात आम्ही दोघींनी नावं लिहिलीत, डाव्या पंखात, धडाजवळ, तिसऱ्या खणात, खालच्या कापडाला. मला फक्त एक फोटो हवाय."

वॉल्टने माझ्याकडे पाहिलं नाही. तो बुटांकडे बघत उभा राहिला. माझ्या नव्या, घट्ट, पांढऱ्याशुभ्र कापडावर ओदिलने तळहात ठेवला होता.

"ते कापड आता नाही," मी म्हटलं.

"कुठे आहे?"

"मी कापलं."

तिला आधी कळलंच नाही. तिने पुन्हा विचारलं, "कुठे ठेवलंय?" मग मी सगळं सांगितलं. कार्ड, गोंद, फ्रेमा, सगळं. तिने हात पंखावरून काढून घेतला आणि कोटाला पुसला. ते पुसणं मला आजही दिसतं.

त्यानंतरचा वसंत आणि उन्हाळा मी तुकडे शोधत फिरले. पहिली फ्रेम माझ्याच घरातली, जिन्याजवळ टांगलेली. सराव म्हणून तीच उघडली. पाण्याने गोंद सुटेना, म्हणून थिनर वापरलं, तर थिनरने डोपच विरघळलं आणि हातात तपकिरी लगदा आला. दुसरी फ्रेम शॉमबर्गच्या डेंटिस्टची. बिचाऱ्याने कपाळावर आठी न घालता काढून दिली. वाफेवर धरून ती उघडली, पण आत कोरं कापड. काही लोक घरं बदलून गेले होते, काही वारले होते, काहींनी फ्रेमच्या जागी नातवंडांचे फोटो लावले होते. एक फ्रेम नेपरव्हिलमध्ये आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडे पाहुण्यांच्या बाथरूममध्ये होती. वाफेने पेन्सिल गोंदावर उतरून गेलेली, कापडावर नुसती राखाडी सावली. एका बाईंनी दारातूनच सांगितलं की ती भेट आहे, आम्ही देणार नाही. मैत्रेयी आता टेक्सासमधल्या प्लेनोला असते. तिच्या घरापासून तासाभरावर एक देणगीदार राहायला गेला होता. ती शनिवारी ड्राइव्ह करून गेली आणि फ्रेम घेऊन आली. मी फोनवर तिला वाफ कशी द्यायची, कार्ड कसं सोलायचं ते सांगत होते.

"आई, देअर इज समथिंग," ती म्हणाली. मग फोन टेबलावर ठेवून ती कार्ड सोलत राहिली.

"बोल की गं."

"इट सेज मार्त. पूर्ण आहे. खाली दुसरी लाइन आहे, पण फक्त वरची टोकं दिसतायत. लेटर्स कट झालेत. आई, झिगझॅग आहे."

खालचा तुकडा कुठे गेला ते कळलं नाही. ज्यांच्या फ्रेमा सापडल्या नाहीत त्यांतल्या कोणाकडे तरी असेल. किंवा बाथरूममधली ती राखाडी सावली तोच असेल, किंवा माझ्या पहिल्याच फ्रेममध्ये असेल, जिचा मी लगदा केला.

मार्तचं नाव रजिस्टरमध्ये होतंच. तिच्या पुराव्याचा कोणालाच उपयोग नव्हता. आम्ही पाठवलेला तुकड्याचा फोटो ओदिलने नगरपालिकेला दाखवला. ते म्हणाले, दुसरं नाव वाचता येत नाही. पण ज्या कारागीर बाईने ते कापड उलटलं तिने दोन्ही नावं पाहिली असतील तर तिचं सही केलेलं पत्र चालेल. ओदिलचा फोन आला. आवाजात पहिल्यांदाच थोडा जीव होता.

"तुम्ही पाहिलं होतं ना? दोन नावं होती ना? मग दोन ओळी लिहून द्या. मार्त आणि ल्युसी."

मी म्हटलं, लिहिते.

मी टेबलावर बसले. तेच टेबल. लिहायला घेतलं आणि थांबले. मी दोन नावं पाहिली होती. वरचं वाचलं होतं. खालचं? मी डोळे मिटून किती वेळा ते कापड उलटलं असेल. वरची ओळ स्पष्ट दिसते, मार्त. खाली काहीतरी लिहिलेलं दिसतं. पण वाचता येत नाही. मी वाचलंच नव्हतं. मला ओरडून वॉल्टला सांगायची घाई होती.

सुधीर म्हणाला, "अगं, लिहून टाक. तीच असणार ना? दुसरी कोण असणार?"

"मी वाचलं नव्हतं."

"पण खोटं कुठे आहे त्यात?"

"सही माझी आहे."

इथे मला माझ्या आजोबांविषयी सांगायलाच हवं. आजोबा नागपूरच्या एका कापड गिरणीत होते, सूतकताईच्या खात्यात. विणकर खात्यात आमच्या लोकांना घेत नसत. मागाच्या धोट्यात धागा ओवताना तो तोंडाने ओढावा लागे, आणि आमच्या तोंडाचा उष्टा धागा बाकीच्यांना चालत नसे. आजोबा वर्षानुवर्षं बदली कामगार म्हणून राबले. कायम करायची वेळ आली तेव्हा रजिस्टरमध्ये त्यांचं नाव सापडेना. साहेब म्हणाला, मुकादमाने सांगितलं तर धरू. मुकादम आजोबांना रोज पाहायचा. त्याने साहेबासमोर आजोबांकडे बघून म्हटलं, "मला आठवत नाही." एवढ्या तीन शब्दांवर आजोबा घरी आले. आमच्या घरात ते तीन शब्द शिवीसारखे वापरले जायचे. दीक्षेच्या वर्षी आजोबांनी धम्म घेतला तेव्हा, आजी सांगायची, त्यांनी परतताना विचारलं होतं, "इथे तरी नाव लिहून घेतलं ना नीट?"

त्या आजोबांची नात मी. आणि मी ओदिलच्या नगरपालिकेला पत्र लिहिलं. दोन नावं पाहिली. पहिलं मार्त होतं. दुसरं होतं, पण ते काय होतं, मला आठवत नाही. खाली सही केली, लायसन्स नंबर घातला, जसं लॉगमध्ये घालते तसं.

उत्तर यायला वेळ लागला नाही. फलक लागला. त्यावर ल्युसी नाही. ओदिलने मला फलकाचा फोटो पाठवला, सोबत एक अक्षरही नाही. त्यानंतर मी दोन पत्रं लिहिली. तिने उत्तर दिलं नाही, आणि ते बरोबरच आहे.

मी बरोबर वागले असं वॉल्ट म्हणतो. त्याच्या नियमाप्रमाणे वागले. मुकादम खोटं बोलला होता, मी खरं बोलले, हा फरक मी स्वतःला पुष्कळ समजावून पाहिला. आजोबांना घरी पाठवणारं वाक्य आणि ल्युसीला फलकावरून उतरवणारं वाक्य एकच होतं. नियम पाळायचाच होता तर तो त्या दिवशी पाळायचा, हातमोजे काढून, चार ओळी लिहून. तेव्हा नाही पाळला. पाळला कधी, तर त्याने फक्त एका मेलेल्या पोरीचं नुकसान होणार होतं तेव्हा.

गेल्या शरदात म्युझियम बंद झालं. टेक्सासमधल्या कुठल्याशा खासगी संग्राहकाने तुर्नेल घेतलं. त्याच्या तळघरात की हँगरमध्ये, कोणास ठाऊक. लोकांना बघायला मिळणार नाही एवढं खरं. पंख सुटे करून लाकडी खोक्यांत भरायचे होते. वॉल्टचे हात आता थरथरतात, म्हणून मी गेले.

डाव्या पंखाला धडाजवळ खालून एक छोटी खिडकी असते, आतल्या तारा तपासायला, दोरीने आवळलेली. वॉल्ट खोक्याचं झाकण बघायला गेला तेव्हा मी ती दोरी सोडली आणि पेन्सिल घेऊन हात आत घातला, कोपरापर्यंत. आतलं दिसत नाही, चाचपडावं लागतं. बोटांना आधी तिसऱ्या खणाची फासळी लागली. तुर्नेलच्या सुताराने तासलेलं मूळ लाकूड, ते मी बदललं नव्हतं. गुळगुळीत, कोरडं. त्यावर ल्युसी लिहिलं असतं, तारीख न घालता, तर पुढे कधीतरी माझ्यासारखीच कोणीतरी हा पंख उघडेल तेव्हा तिला ते जुनंच वाटेल. ती फोटो काढेल. कुठेतरी पाठवेल. मी पेन्सिल टेकवली होती.

मग हात सरकवून मी बाजूच्या कापडावर लिहिलं. माझ्या कापडावर, याच खणात मी लिहिलेल्या माझ्या नावाखाली, अंदाजाने. रंजना, ल्युसी. कुठल्याही जाणकाराला एका नजरेत कळेल की कापड नवं आहे आणि नाव मागाहून लिहिलेलं आहे. कोणाची फसवणूक होणार नाही.

दोरी आवळली. वॉल्ट आला, आम्ही पंख खोक्यात ठेवला आणि त्याने स्क्रू पिळले. ट्रक गेला. घरी येताना निम्म्या वाटेवर मी गाडी मक्याच्या कापलेल्या शेताकडेला उभी केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसून राहिले.

लाकडावर लिहायला हवं होतं.